उतारावर लावलेली जीप

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीत अगदी नवा होतो. आमचं ऑफिस एका अडत्याच्या भाड्याच्या घरात होतं. पुढच्या खोलीत साहेब, मधल्या खोलीत कारकून, आणि जिथं पूर्वी स्वयंपाक होत असेल तिथं माझं टेबल. भिंतीवर चुलीच्या धुराचा काळा पट्टा तसाच होता. कागद मात्र जुन्या जिल्ह्याचे आले होते. वर छापलेलं नाव पेनानं खोडायचं आणि हातानं 'लातूर' लिहायचं, हे माझं सरकारी नोकरीतलं पहिलं काम. दोन दिवस मी तेवढंच केलं.

तिसऱ्या दिवशी मला गावांकडं पाठवलं. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि प्रत्येक गावाला बोअर पाहिजे होता. बोअर कुठं घ्यायचा, घ्यायचा की नाही, हे सांगणं माझं काम. त्यासाठी एक यंत्र होतं. चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, वायरी लांबवर ओढायच्या, जमिनीत थोडी वीज सोडायची आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. आकड्यांवरून खाली काय आहे त्याचा अंदाज बांधायचा. मऊ खडक, भेगा, ओल असेल तर एक तऱ्हा. सलग काळा पाषाण असेल तर दुसरी.

दगडाशी आमच्या घराची ओळख जुनी. माझं गाव नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातलं. मी शाळेत असताना मोठा दुष्काळ पडला आणि आई-बाबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. सुट्टीच्या दिवशी मीही जायचो. आई हातोड्याच्या आवाजावरून सांगायची, हा फुटतो, हा तासभर घेतो. पुढं कॉलेजात मी त्याच दगडांची इंग्रजी नावं पाठ केली. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी. नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी बाबांनी ते विहारात नेऊन सगळ्यांना दाखवलं होतं.

जीपचे ड्रायव्हर वयानं माझ्या बाबांएवढे. तेही नांदेड जिल्ह्याचेच, खुद्द नांदेड शहरातले. घर ब्राह्मणाचं, घरात सगळे मास्तर. थोरले भाऊ हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. हे एकटे लहानपणापासून यंत्रांच्या नादी लागले. घरच्यांनी आधी समजावलं, मग रागावून पाहिलं, मग त्यांचा नाद सोडला. त्यांच्या आणि माझ्या घरात जेवढं अंतर होतं तेवढं नांदेड आणि लातूरमध्येही नव्हतं. पण जीपमध्ये दोन सीटांमध्ये फक्त गिअरची दांडी होती.

मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागलो. ते मला साहेब म्हणायचे. मला लाज वाटायची. एकदा म्हणालो, "काका, मला साहेब म्हणत जाऊ नका."

"तुम्हाला कुठं म्हणून राहिलो?" ते समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "त्या सीटला म्हणतो. तिथं जो बसंल तो साहेब."

काकांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. पाठ दुखायची, खाली वाकताना हात गुडघ्यावर टेकवायचे, पण जीपवर धूळ दिसली की सहन व्हायचं नाही. पाणी नाही म्हणून जीप धुणं बंद झालं होतं. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचे.

जीप डिझेलची होती. तिला हँडल मारून चालू करायची सोय नव्हती. बटण दाबलं की सेल्फ फिरायचा, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी ती बाजूची मोटर, आणि मग इंजिन धरायचं. एके दिवशी चाकूरच्या अलीकडं एका गावात काकांनी बटण दाबलं आणि नुसता 'टक्' असा आवाज आला. परत दाबलं. टक्. इंजिन जागचं हललं नाही.

"बॅटरी बसली," काका म्हणाले.

गावातल्या पाच-सहा जणांनी जीप ढकलली. चार पावलांवर काकांनी क्लच सोडला, जीपनं गचका खाल्ला आणि चालू झाली. लातूरला येऊन बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. दोन दिवस बरी चालली. मग पुन्हा टक्. काकांनी बॅटरीची टोकं उघडली, त्यांवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. धुवायला पाणी मागायची हिंमत त्या गावात कोणाला होती? काकांनी कपातला उरलेला चहा त्यावर ओतला, कानशीनं टोकं घासली, वर ग्रीस लावलं. त्यानंतर तीन दिवस बरे गेले.

मग काका जीप उतारावर लावायला लागले. लातूरकडचा मुलूख सपाट. उतार शोधावा लागायचा. गाव आलं की काका माझ्याशी बोलणं बंद करायचे आणि इकडंतिकडं बघत राहायचे. मला शाळेपाशी उतरायचं असायचं आणि काका जीप गावाबाहेर नाल्याच्या काठावर नेऊन लावायचे. यंत्र, सळया आणि वायरीची रिळं खांद्यावर घेऊन मी आणि गावची माणसं तिथून चालत यायचो. जाताना काका ब्रेक सोडायचे, जीप आपोआप घरंगळायची, चालू व्हायची. जिथं उतार नसेल तिथं माणसं ढकलायची. मी खाली उतरायला लागलो की काका म्हणायचे, "साहेब, तुम्ही बसा." आणि मी बसायचो. आज ते सांगताना बरं वाटत नाही, पण मी बसायचो.

असे तीन आठवडे गेले असतील. मग रेणापूरकडच्या एका गावात गेलो.

गाव लहान, माळावर वसलेलं. एकच विहीर, तिच्या तळाशी गढूळ डबकं. बाया दोराला बांधलेला डबा आत सोडून, तो तळावर खरवडत पाणी काढत होत्या. मी सकाळपासून गावाच्या चारी बाजूंनी सळया ठोकल्या. लोक मागं मागं फिरत होते. दोघांनी वायरी धरल्या, एकानं हातोडा घेतला. सळई आत जाईना, तेव्हाच मला अंदाज आला होता. आकडे बघून तो पक्का झाला. खाली सलग पाषाण होता, भेग नाही, ओल नाही.

आमच्यातले काही जण अशा वेळी म्हणायचे, वर कळवतो, बघू, होईल काहीतरी. तसं म्हटलं की लोक हात जोडतात आणि आपण निघून येतो. मला ते जमलं नाही. पारावर सगळे बसले होते. मी सांगितलं, "इथं बोअर घेऊन उपयोग नाही. दोनशे फूट गेलं तरी कोरडाच लागणार. खोटी आशा लावत नाही."

एक म्हातारा, ज्यानं सकाळी माझ्यासाठी घरून बाज आणली होती, त्यानं विचारलं, "मंग आमी काय करावं?"

मी म्हणालो, "टँकरसाठी लिहितो." तो मान हलवत राहिला.

आम्ही सामान भरलं. त्या माळावर उतार नव्हताच. जीप गावाच्या मध्यात, पारासमोर उभी होती. काकांनी बटण दाबलं.

टक्.

ते पुन्हा दाबत राहिले. टक्. टक्. पारावरची माणसं आमच्याकडं बघत होती. रोज कोणीतरी न सांगता उठायचं. आज कोणी उठलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. सकाळपासून ज्याच्यासाठी वायरी ओढल्या त्यानं पाणी नाही म्हणून सांगितलं, आणि आता त्याचीच गाडी ढकलायची. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून खाली बघत बसले. त्यांच्या मानेवर घाम आला होता.

विहिरीकडून एक म्हातारी येत होती. हातात रिकामी घागर. तिचा नंबर आला नसावा. ती जीपपाशी थांबली, आमच्याकडं पाहिलं, पाराकडं पाहिलं आणि सरळ विचारलं, "काय झालं?"

"गाडी बंद पडली मावशे," मी म्हणालो.

"पानी हाय का खाली?"

"न्हाई."

तिनं घागर पाराच्या कडेला ठेवली. मग त्या माणसांना म्हणाली, "उठा की. बसून काय राहिलात? त्यानं पानी लपवून ठिवलंय का?"

आणि कोणाची वाट न बघता ती जीपच्या मागं जाऊन उभी राहिली. विहिरीवरून आणखी दोघी-तिघी आल्या. तेव्हा मी खाली उतरलो. काका म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा," पण मी थांबलो नाही. मी म्हातारीच्या शेजारी जाऊन जीपच्या मागच्या फळीला खांदा लावला. मग पारावरची माणसंही उठली. खाली मान घालून, पण उठली. जीप हलली, गचका बसला, धूर निघाला. इंजिन चालू झालं तसे काका थांबायला घाबरले आणि हळूहळू पुढंच नेत राहिले. मला मागून पळत जाऊन चढावं लागलं.

पळण्याआधी म्हातारीनं माझा दंड धरला. म्हणाली, "खरं सांगितलंस ते बरं केलंस बाबा. दुसरे येतेत, लागंल लागंल म्हणतेत अन् जातेत. आमी आपलं वाट बघून राहतो." एवढं बोलून ती घागरीकडं गेली.

जीप रेणापूरच्या रस्त्याला लागली. मग मी म्हणालो, "काका, ही बॅटरी नाही."

"बॅटरीच हाय."

"चार्ज केली, टोकं घासली. अजून काय करायचं?"

"जुनी गाडी हाय साहेब. चालायचंच."

काकांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर ऑफिसला गेलो. काका आवारातल्या लिंबाखाली जीप पुसत होते. माझ्या यंत्राच्या पेटीत एक छोटा मीटर असायचा, विजेचा दाब मोजायचा. जमिनीत जे मोजतो तेच जीपमध्ये मोजायला हरकत काय, असा मी रात्री विचार केला होता. मी बॉनेट उघडलं आणि मीटरच्या सुया बॅटरीच्या टोकांना लावल्या. दाब चांगला होता. काकांना म्हणालो, "पुढचे दिवे लावा आणि बटण दाबा."

टक्. पण दिवे जराही मंद झाले नाहीत.

एवढ्यावरून मला अर्धं कळलं. सेल्फ इंजिन फिरवायला लागला की बॅटरीतून भरमसाट वीज ओढतो. दिवे पिवळे पडतातच. बॅटरी कमजोर असती तर ते जवळजवळ विझले असते. इथं काहीच झालं नाही, म्हणजे सेल्फ वीज घेतच नव्हता. आता एवढंच बघायचं होतं की वीज त्याच्यापर्यंत पोचते की वाटेतच अडते. मी एक सुई सेल्फच्या जाड वायरीच्या टोकावर आणि दुसरी त्याच्या लोखंडी अंगावर धरली. काकांना परत बटण दाबायला सांगितलं. टक्. मीटर पूर्ण दाब दाखवत होता.

"वीज दारापर्यंत येते काका," मी म्हणालो. "आत कोणी घेईना. दोष सेल्फमध्येच आहे."

काका जीपमधून उतरले. त्यांनी सीटखालून मोठा पाना काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता बटण मी दाबतो. टक् झालं की सेल्फच्या पोटावर हळू ठोका. जोरात न्हाई. दार वाजवल्यावानी."

मी ठोकलं. दुसऱ्या ठोक्याला सेल्फ गर्र करून फिरला आणि इंजिन चालू झालं.

काकांनी इंजिन बंद केलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," काका म्हणाले. "आवाजावरूनच कळतं की. आतले कार्बन, ते कोळशाचे तुकडे, झिजले. ते फिरत्या भागाला टेकले तरच वीज आत जाते. झिजले की अडकून बसतात, टेकत न्हाईत. ठोकलं की घटकाभर टेकतात."

"मग बॅटरी बॅटरी काय लावलं होतं?"

ते लिंबाच्या मुळावर बसले. मीही बसलो. मग त्यांनी सांगितलं. जीप जुन्या जिल्ह्यातून आली होती, पण तिचे कागद अजून आले नव्हते. दुरुस्तीचा अर्ज केला तर नवा जिल्हा म्हणणार, गाडी आमच्या दप्तरी नाही. जुना जिल्हा म्हणणार, गाडी तुमच्याकडं गेली. तोवर जीप वर्कशॉपच्या कुंपणात उभी. त्यांनी आधीच्या नोकरीत अशा उभ्या राहिलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. टायर जमिनीला चिकटतात, सीटात उंदीर होतात.

"अन् मी?" काका म्हणाले. "गाडी न्हाई तर ड्रायव्हरचं काय काम? बाकावर बसवतील. चहा आणा म्हणतील, फायली उचला म्हणतील. चाळीस वर्षं गाडी चालवली साहेब. शेवटचे चार महिने बाकावर बसून काढू?" मग म्हणाले, "तुमचं कामही थांबलं असतं, हे मी मनाला सांगत होतो. ते खरंच हाय. पण आधी माझंच होतं. काल त्या म्हातारीला गाडी ढकलताना आरशात बघितलं, अन् रात्री जेवण गेलं न्हाई."

मला राग यायला हवा होता. तीन आठवडे आम्ही तहानलेल्या गावांकडून जीप ढकलून घेतली होती. पण हातातलं काम काढून घेतल्यावर माणसाचं काय होतं, हे मी घरी पाहिलं होतं. खडीचं काम बंद झालं तेव्हा बाबा महिनाभर ओट्यावर बसून होते, कोणाशी बोलत नसत.

मी म्हणालो, "आपणच बदलू. कागद न करता."

"सरकारी गाडी हाय."

"जुना सेल्फ जपून ठेवू. कागद आले की दोन्ही दाखवू."

काकांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "नांदेडला इतवाऱ्याच्या बाजारात माझा एक मिस्त्री दोस्त हाय. आधी त्याच्याकडून उघडून बघू."

त्या शनिवारी दुपारी आम्ही सेल्फ काढला. काकांची पाठ त्यांना जीपखाली जाऊ देईना. मी पोतं अंथरून खाली गेलो आणि ते बाजूला उकिडवे बसून सांगत राहिले. "आधी बॅटरीची वायर काढली न्हाई का? ती विसरलात तर पान्याची ठिणगी उडंल. हं. आता खालचा बोल्ट. तो सोपा हाय. वरचा डोळ्यानं दिसणार न्हाई, बोटानं बघा." वरच्या बोल्टानं अर्धा तास घेतला. तो सुटला आणि सेल्फचं सगळं वजन एकदम माझ्या छातीवर आलं. काका म्हणाले, "आलं का बाळ?"

गोणपाटात गुंडाळून, पिशवीत घालून आम्ही तो एसटीनं नांदेडला नेला. वाटेत लोह्याला कंडक्टरनं पिशवीला पाय लावून पाहिला आणि विचारलं, "देव आहे का?" काका म्हणाले, "हाव, झोपलाय."

रविवारी सकाळी त्यांच्या घरी चहा-पोहे झाले. काकूंनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. क्षणभर त्यांचा हात थांबला, ते मला दिसलं. काकांनाही दिसलं असणार, ते म्हणाले, "साहेबांनी काल सेल्फ काढला. माझ्यासारखी दहा माणसं बघितलीत, त्यातल्या एकाच्यानंही वरचा बोल्ट पहिल्याच खेपेला निघाला न्हाई." काकूंनी मला आणखी पोहे वाढले. त्यांनी ते मनापासून वाढले की नवऱ्याच्या शब्दाखातर, मला सांगता येणार नाही. पोहे चांगले होते. मी खाल्ले.

इतवाऱ्यातला मिस्त्री काकांच्याच वयाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दुकान एवढं अरुंद की तिघं बसलो तर चौथ्याला जागा नाही. त्यानं आमच्याकडं न बघता आधी पिशवीकडं पाहिलं. दोन लांब स्क्रू काढून सेल्फचं झाकण उघडलं तर आत काळी भुकटी. चार कार्बनपैकी तीन नखाएवढे उरले होते.

"येच बोला था न मैं," काका म्हणाले.

"ठैरो जरा," मिस्त्री म्हणाला. त्यानं आतला फिरणारा भाग, ज्याला तो आर्मेचर म्हणत होता, तो उजेडात धरला. एका बाजूला लोखंड घासून चकचकीत झालं होतं. त्यावर त्यानं बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाला, "हे बघा साहेब. दांडा ज्या पितळी बुशात फिरतो, ते बुश झिजलं. म्हणून हा खाली बसला आणि बाजूला घासायला लागला. घासला की तापला, तापला की आतली तार जळाली. वास घ्या." मी वास घेतला. करपलेल्या लाखेसारखा वास होता. मग त्यानं एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन तपासलं. जिथं बल्ब लागायला नको तिथं तो लागला, म्हणजे वीज तारेतून लोखंडात फुटत होती.

"कार्बन नवा टाकू शकतो," तो म्हणाला. "पण ते पिकल्या केसांना मेहंदी लावल्यासारखं होईल. महिन्याभरात परत याल. इस्की उमर हो गई."

काकांनी आर्मेचर हातात घेतलं, स्वतः वास घेतला, घासलेल्या जागेवर अंगठा फिरवला. मग शांतपणे म्हणाले, "मला वाटलं नुसते कार्बन. एवढं झालं असंल असं वाटलं न्हवतं."

"उशीर केला तुम्ही."

"हाव. उशीर केला."

मिस्त्रीकडं एका मोडीत निघालेल्या जीपचा सेल्फ होता. त्यानं तो आमच्यासमोर उघडला, नवे कार्बन, नवी बुशं घातली, आणि बाकाच्या शिकंज्यात आवळून बॅटरी लावली. सेल्फ असा फिरला की बाक हलला. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "अजून एकदा," म्हणाले. मिस्त्रीनं परत फिरवला. "आता बरोबर."

परत येताना पिशवीत दोन सेल्फ होते. कंडक्टर वेगळा होता, त्यानं काही विचारलं नाही.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी पुन्हा पोत्यावर आडवा झालो. सेल्फ जिथं बसतो त्या भोकातून टॉर्च मारून इंजिनच्या चाकाचे दात बघायला काकांनी सांगितलं. शिपाई आणि एक कारकून यांनी जीप गिअरमध्ये ठेवून थोडी थोडी हलवली आणि मी दात बघत राहिलो. चार-पाच बोथट झाले होते, बाकी ठीक होते. मग काकांनी सॅन्डपेपर दिला. "सेल्फ बसायची जागा चकचकीत करा. वीज वायरीनं जाते, पण परत येते ती लोखंडातूनच. तिथं गंज असला तर नवा सेल्फही रुसतो." मी घासलं. सेल्फ छातीवर घेऊन वर ढकलला, बोटानं वरचा बोल्ट शोधला, या वेळी तो लवकर सापडला. जाड वायर आवळली, बारीक वायर लावली. बाहेर आलो तेव्हा ऑफिसचे सगळे जमले होते.

काकांनी बटण दाबलं. काहीच नाही. टक् सुद्धा नाही.

मी पुन्हा पोतं उचललं. काका मात्र हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "बॅटरीची वायर कोण लावणार?"

मी ती लावली. त्यांनी बटण दाबलं. इंजिन एका दमात उठलं.

मोठे साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले होते. माझ्या शर्टाकडं त्यांनी पाहिलं, तो काळा झाला होता. "काय झालं होतं गाडीला?" त्यांनी विचारलं.

मी काकांकडं पाहिलं. काकांनी जीप बंद केली, खाली उतरले आणि सगळं सांगितलं. कागद न करता सेल्फ बदलला, जुना पिशवीत आहे, आणि तीन आठवडे आपण खोटं बोललो हेसुद्धा. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "जुना सेल्फ माझ्या कपाटात ठेवा. अन् आज कुठं जाणार होता तिकडं जा." एवढंच.

त्या उन्हाळ्यात आम्ही पुष्कळ गावं केली. काही ठिकाणी पाणी लागलं, काही ठिकाणी मी सांगूनही नाही लागलं, आणि दोनदा मी नाही म्हटलं तिथं दुसऱ्या कोणी बोअर घेतला आणि चांगलं पाणी आलं. आमचं शास्त्र तेवढंच आहे. माळावरच्या त्या गावाला टँकर सुरू झाला. जमिनीत पाणी नाही असं कोणीतरी लिहून दिल्याशिवाय टँकर मिळत नसे; ते लिहिणारा मी होतो, एवढाच माझा त्यात वाटा. एकदा तिथून जाताना ती म्हातारी टँकरच्या रांगेत दिसली. काकांनी मुद्दाम जीप बंद केली, खाली उतरून तिला नमस्कार केला आणि पुन्हा बटण दाबून चालू करून दाखवली. तिला त्यातलं काय कळलं कोणास ठाऊक. "सुधारली का?" म्हणाली, आणि रांगेत पुढं सरकली.

काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी स्वतः जीप चालवत मला मुक्कामाच्या खोलीवर सोडलं आणि किल्ली नव्या ड्रायव्हरच्या हातात दिली. त्याआधी निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला उभे राहिले आणि काहीच न बोलता बसले. मला वाटलं, आता नांदेडला जाऊन ओट्यावर बसतील.

दिवाळीत मी गावाला जाताना नांदेडला उतरलो. घरी काकू म्हणाल्या, "इथं कुठं असतात ते? जा इतवाऱ्यात." त्यांच्या बोलण्यात तक्रार होती, पण राग नव्हता. थोरल्या भावानं बोलणं टाकलं होतं म्हणे. निवृत्त झाल्यावर मेकॅनिकच्या दुकानात बसणं त्यांना पटलं नव्हतं.

मिस्त्रीच्या दुकानात काका एका ट्रॅक्टरचा सेल्फ मांडीवर घेऊन बसले होते. अंगात तोच खाकी शर्ट, कोपरापर्यंत काळे हात. ट्रॅक्टरवाला शेतकरी दारात उभा होता आणि काका त्याला रागावत होते. "घणानं ठोकता का हो याला? दार वाजवल्यावानी ठोकायचं असतं. अन् ठोकल्यानं दुरुस्त होत न्हाई, नुसते दिवस ढकलल्या जातेत." मग त्यांनी मला पाहिलं. उठले नाहीत. उठायला जागाच नव्हती.

"ये," म्हणाले. "बस. एवढं बुश बसवतो, मग चहा घेऊ."

मी दारातल्या डब्यावर बसलो. बुश बसवायला त्यांना तासभर लागला.